माकड आणि चतुर यांची तुलना कोणत्या आधारावर करावी?

प्रश्न (वाई):
नववीच्या मुलांना परिसरातील दोन प्राण्यांची तुलना करावयास सांगितली असता, एका विद्यार्थिनीने पसरणी घाटात कठड्यावर बसलेले दिसते ते लाल तोंडाचे माकड, म्हणजे बॉनेट मकाक, आणि पावसाळ्यात मैदानावर घिरट्या घालणारा पिवळसर चतुर, पँटाला फ्लॅव्हेसेन्स, यांची निवड केली. तिचा तक्ता मात्र पाठीचा कणा, पाय आणि पंख यांपुढे सरकत नाही. याहून अर्थपूर्ण आधार कोणता घ्यावा?

उत्तर (सांगली):
वावराचा प्रदेश घ्यावा. हे माकड निसर्गतः केवळ द्वीपकल्पीय भारतात आढळते आणि उत्तरेकडून ऱ्हीसस माकड पुढे सरकत असल्याने तेथेही त्याची जागा आक्रसत चालली आहे. उलट, वजनाने अर्धा ग्रॅमही न भरणारा हा चतुर अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांवर पोहोचला आहे. तो भारतातून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेकडे समुद्र ओलांडत असावा, असे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी 2009 मध्ये मांडले. ऑक्टोबरपासून मालदीवमध्ये झुंडी उतरतात, पण चतुराच्या अळ्या ज्यात वाढतात ते गोडे पाणी तेथे पृष्ठभागावर जवळजवळ नसते, म्हणजे या झुंडी बाहेरूनच येत असाव्यात, हा अँडरसन यांचा मुख्य आधार होता.

उत्तर (कराड):
प्रदेशापेक्षा बालपण अधिक बोलके आहे, असे माझे मत आहे. माकडीण सुमारे साडेपाच महिन्यांच्या गर्भारपणानंतर बहुधा एकच पिल्लू देते. ते आईच्या पोटाला बिलगून कळपातच शिकते. महाबळेश्वरी एका माकडिणीने माझ्या पिशवीची गाठ सोडून शेंगा गालांत कोंबल्या, तेव्हा तिचे पिल्लू तिच्या हातांकडेच पाहत होते. चतुराची अळी मात्र साचलेल्या पाण्यात एकटी वाढते, दुमडलेला खालचा ओठ झटक्यात पुढे फेकून भक्ष्य पकडते आणि साधारण दीड-दोन महिन्यांत, कोशात न जाताच, उडू लागते. आईबापांची गाठ न पडता, कोणी न शिकवता, पुढची पिढी समुद्रापारचा तो प्रवास पुढे नेत असावी. आणि कृपया तक्त्यात ‘वानर’ लिहू नये. वानर काळ्या तोंडाचे, ते निराळे.

प्रश्नकर्ती:
बालपणाचा आधार मुलीला पटला आहे. काल शाळेच्या हौदाच्या कडेला चिकटलेली चतुराच्या अळीची एक कोरडी कात तिला सापडली; पाठीवर उभी चीर आहे आणि आतून पांढरे धागे लोंबत आहेत. ते धागे कशाचे असावेत?

उत्तर (कराड):
श्वासनलिकांच्या अस्तराचे. कात टाकताना तेही बाहेर ओढले जाते.