तारीख आधी, प्लॅन नंतर: उलटं वेळापत्रक चालतं का?

उलटगणती (धागाकर्ता)

बँकेची कोअर सिस्टम बदलायची असो की जुन्या विमा पॉलिसी नव्या सॉफ्टवेअरमध्ये हलवायच्या असोत, वेळापत्रक शेवटाकडून सुरू होतं. वरून तारीख येते. मग मागे मागे येत कामं बसवायची आणि आजच्या तारखेला टेकेपर्यंत प्रत्येकाचे दिवस दाबायचे. माझ्या मते हा प्लॅन नव्हेच, तारखेचीच ती नक्कल आहे.

उदाहरण ब्रिटनच्या टीएसबी बँकेचं. 2015 मध्ये स्पेनच्या सबाडेलने ती विकत घेतली तेव्हा तिचा कारभार लॉइड्सच्या सिस्टमवर, पैसे मोजून, चालत होता. तिथून सबाडेलच्या सिस्टमवर यायचं होतं. नोव्हेंबर 2017 ची तारीख हुकली. नव्या आखणीत किती काम उरलंय हे आधी मोजायला हवं होतं, पण 2018 ची पहिली तिमाही धरून उलटं मोजलं गेलं. एकामागून एक करायच्या चाचण्या एकमेकींवर चढल्या. दोन डेटा सेंटर एकाच वेळी चालणार होती, तरी लोड टेस्ट (सिस्टम किती भार पेलते याची चाचणी) एकाच सेंटरवर उरकली. एप्रिल 2018 मध्ये सुमारे 52 लाख ग्राहकांचा डेटा एका वीकेंडला हलवला. डेटा पोचला, पण त्यावर चालणारी सिस्टम आडवी झाली. डिसेंबर 2022 मध्ये 4 कोटी 86 लाख पौंडांचा दंड झाला, पुढच्या वर्षी तेव्हाच्या सीआयओला (आयटी प्रमुखाला) वैयक्तिक 81,620 पौंड.

आता सरळ दिशेने मोजून बघा. मायग्रेशनचे (डेटा नव्या सिस्टमवर हलवण्याचे) चार टप्पे, एकापुढे एक. प्रत्येकाचे कमीत कमी, बहुधा आणि जास्तीत जास्त दिवस असे:

डेटा मॅपिंग (जुना रकाना नव्यात कुठे जाणार) 15, 20, 40
स्क्रिप्ट (डेटा हलवणारा कोड) 20, 25, 45
मॉक रन (मायग्रेशनची रंगीत तालीम) 12, 15, 30
यूएटी (वापरणाऱ्यांनी करायची चाचणी) 10, 15, 35

'बहुधा'ची बेरीज 75, आणि क्लायंटला हाच आकडा जातो. पर्ट या अंदाज-पद्धतीच्या सूत्राने (कमीत कमी, अधिक चार वेळा बहुधा, अधिक जास्तीत जास्त, भागिले 6) सरासरी 84.5 दिवस येते, प्रमाण विचलन साधारण 7.8. म्हणजे 75 दिवसांत काम होण्याची शक्यता जेमतेम 11 टक्के. 90 टक्के खात्री हवी असेल तर 95 दिवस सांगा. उलट्या वेळापत्रकात हा हिशेब मांडायची सोयच नसते, कारण उत्तर आधीच छापलेलं असतं.

करदाता_नं_१

सहमत नाही. टीएसबीचं खापर तुम्ही तारखेवर फोडताय. तारीख ठरलेली असते हे निम्म्या प्रकल्पांचं वास्तव आहे. कायदा 1 तारखेपासून लागू म्हटला की तुमचं पर्ट कोण विचारतंय? रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक 90 टक्के खात्री बघून निघत नाही.

जीएसटी घ्या. 1 जुलै 2017 ही तारीख हलली नाही, स्कोप (कामाची व्याप्ती) हलला. मूळ रचनेत विक्रीचं जीएसटीआर-1, खरेदीचं जीएसटीआर-2 आणि दोन्हींच्या पावत्या जुळवून जीएसटीआर-3 असं होतं. ते एवढ्यात जमणार नाही हे दिसल्यावर जीएसटीआर-3बी हा नुसत्या गोषवाऱ्याचा फॉर्म आणला, आणि नोव्हेंबर 2017 मध्ये 2 व 3 स्थगित केले. पोर्टलला लोकांनी शिव्या घातल्या, मान्य. पण कर जमा व्हायला लागला. उलट्या आखणीत मागे येता येता जे बसत नाही ते उघडं पडतं. ते तेव्हाच कापलं तर पद्धत चोख आहे. टीएसबीने कापलं काय? चाचणी. चूक तिथे आहे.

उलटगणती

तुमचाच जीएसटी पुढे नेतो. ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचं ऑनलाइन बिल. 16 डिसेंबर 2017 ला जीएसटी परिषदेने ठरवलं की 1 फेब्रुवारीपासून सक्ती. मध्ये साडेसहा आठवडे, त्यात चाचणी फेरी 16 जानेवारीपासून. पहिल्याच दिवशी पोर्टल झोपलं आणि सक्ती पुढे ढकलावी लागली. तारीख 'हलत नाही' म्हणता, ती दोन महिन्यांनी हललीच.

करदाता_नं_१

आणि दुसऱ्यांदा काय केलं तेही सांगा की. 1 एप्रिल 2018 पासून आंतरराज्य वाहतूक. राज्याच्या आतली वाहतूक कर्नाटक सोडून बाकीच्यांना टप्प्याटप्प्याने, 15 एप्रिलपासून राज्यांचे गट करून. महाराष्ट्राचा नंबर 25 मे ला लागला. याही तारखाच होत्या, आणि वरूनच आल्या होत्या. फरक एवढाच की सगळा लोड एका सकाळी अंगावर घेतला नाही.

सिग्मा

पर्टचा हिशेब बरोबर, गृहीतक चुकीचं. 7.8 हे विचलन चारही टप्पे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरून येतं: एक लांबला तर दुसरा आटोपेल, फिट्टंफाट. मायग्रेशनमध्ये असं कधी होतं? जुना डेटा घाण असेल, जन्मतारखेच्या रकान्यात 01/01/1900 आणि एकाच ग्राहकाचे तीन कस्टमर आयडी असतील, तर मॅपिंग लांबतं, स्क्रिप्ट पुन्हा लिहाव्या लागतात, मॉक रन जास्त लागतात, यूएटीत तेच दोष पुन्हा उगवतात. चारही टप्पे एकाच कारणाने, एकाच दिशेला सरकतात. विचलनांची सरळ बेरीज केली तर ते 15.5 होतं आणि 90 टक्क्यांचा आकडा 95 वरून 104 वर जातो. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी.

म्हणून पहिल्या आठवड्यात एस्टिमेट मागूच नका. आधी दहा दिवस फक्त डेटा प्रोफायलिंग: प्रत्येक रकान्यात किती रिकामे, किती डुप्लिकेट, किती चुकीच्या फॉरमॅटमध्ये. त्यानंतरचा तीन आकड्यांचा अंदाज बोलण्यालायक असतो.

अजून एक. तीन टीम समांतर असतील आणि प्रत्येकीची वेळेवर येण्याची शक्यता 80 टक्के असेल, तर तिघी मिळून वेळेवर येण्याची शक्यता 51 टक्के. स्टेटस रिपोर्टमध्ये तीन हिरवे ठिपके दिसतात आणि इंटिग्रेशनचा दिवस नाणेफेकीवर असतो.

कोडफ्रीज

सगळे बफर-बफर (राखीव दिवस) करताय. प्रत्येक टास्कला दोन दिवस जास्त दिले की ते दोन दिवस वापरले जातातच. पार्किन्सनने 1955 मध्येच लिहून ठेवलंय. वर डेव्हलपर आपले दोन दिवस घालतो, लीड त्यावर 20 टक्के, पीएम (प्रोजेक्ट मॅनेजर) त्यावर 15. दीडपट आकडा क्लायंटकडे जातो, तो 30 टक्के कापतो, आणि सगळे जिथे होते तिथेच. तारीख वरून आली तर निदान हा बाजार तरी वाचतो.

पीएमओतली

बाजार वाचत नाही हो, आत जातो. दिवस लपवायला जागा राहिली नाही की लोक काम लपवतात. 'कोडिंग पूर्ण' म्हणतात आणि एरर हँडलिंग यूएटीवर ढकलतात.

बफर टास्कला नको हे मात्र मान्य. तो प्रकल्पाच्या शेवटी एकच ठेवा आणि सगळ्यांना दिसेल असा ठेवा. दर शुक्रवारी दोनच आकडे बघायचे: क्रिटिकल पाथ (ज्या कामांच्या साखळीवर शेवटची तारीख ठरते ती) किती टक्के झाला आणि बफर किती टक्के खाल्ला. 30 टक्के काम झालं आणि 60 टक्के बफर संपला, तर स्टिअरिंग कमिटी (प्रकल्पावर देखरेख करणारे वरिष्ठ) त्याच आठवड्यात बोलवा. महिनाअखेरीची वाट बघायची नाही.

आता रिस्क रजिस्टर, ज्याचं नावही अजून कुणी काढलं नाही. बहुतेक ठिकाणी ती 60 ओळींची एक्सेल असते. 'की रिसोर्स सोडून जाणे, मध्यम, मध्यम.' कागदी घोडे. संभाव्यता गुणिले परिणाम करून 40 टक्के आणि 10 दिवसांच्या जोखमीसाठी 4 दिवस धरतात. ते 4 दिवस कधीच लागत नाहीत, एकतर 0 लागतात नाहीतर 10. अशा वीस जोखमी असतील तर सरासरीला अर्थ आहे, दोन-तीन मोठ्या असतील तर नाही. मोठ्या जोखमीला तीन गोष्टी हव्यात: ती खरी ठरतेय हे ओळखायची खूण, त्या खुणेची तारीख, आणि उपायाचं काम वेळापत्रकात वेगळी ओळ म्हणून. 'एसएमएस गेटवेवाल्याकडून 10 तारखेपर्यंत टेस्ट क्रेडेन्शियल आले नाहीत, तर 11 पासून स्टब (गेटवेची तात्पुरती नक्कल) लिहायला एक माणूस, तीन दिवस.' हे लिहिता येत नसेल तर ती ओळ रजिस्टरमधून काढून टाका.

रात्रपाळी

कटओव्हरचा (जुन्या सिस्टमवरून नव्यावर प्रत्यक्ष जाण्याचा) हिशेब उलटाच करावा लागतो, तिथे करदाता यांच्या बाजूने. शाखा सोमवारी सकाळी 8 ला उघडणार. रोलबॅकला (जुन्या सिस्टमवर परतायला) 14 तास, वर 4 तास राखीव. म्हणजे परत फिरायचं की नाही हा निर्णय रविवारी दुपारी 2 ला, त्यानंतर नाही. शुक्रवारी रात्री 8 ला सुरुवात, डेटा लोड 22 तास, जुन्या-नव्या आकड्यांचा ताळमेळ 8 तास: रविवारी पहाटे 2 ला मोकळे. हातात 12 तास. पण हे 22 तास शेवटच्या मॉक रनमध्ये, पूर्ण डेटावर, प्रॉडक्शनइतक्याच मशीनवर मोजलेले हवेत. 10 टक्के डेटावर मोजून दहाने गुणू नका. इंडेक्स बांधणं आणि लॉग भरणं त्या प्रमाणात वाढत नाही. लोड 30 तासांवर गेला तर हातात 4 तास उरतात. तेवढ्यात ताळमेळाचा एक फरकसुद्धा शोधून होत नाही.

आणि रोलबॅकची रंगीत तालीम? बहुतेक प्लॅनमध्ये ती ओळच नसते.

उलटगणती

कटओव्हरचं मान्य, ते 60 तासांचं काम आहे आणि प्रत्येक तास आधी मोजून झालेला असतो. सहा महिन्यांच्या प्रकल्पात तसं काही मोजलेलं नसतं. करदाता, 'स्कोप कापा' म्हणणं सोपं आहे. फिक्स्ड-बिड करारात स्कोप परिशिष्टात बांधलेला, तारीख बांधलेली, पैसे बांधलेले, आणि उशीर झाला तर आठवड्याला अर्धा टक्का दंड. मग कापायला उरतं काय?

करदाता_नं_१

मग करार करतानाच परिशिष्ट दोन भागांत मांडा. अ: पहिल्या दिवशी लागणारच. ब: 90 दिवसांत. दंड फक्त अ ला. क्लायंटचा बिझनेस हेड बरोबर असेल तर ही यादी दोन बैठकांत होते. मात्र एकटा परचेसवाला समोर बसला असेल तर नाही होत, हेही खरं.

पीएमओतली

ब मध्ये रिपोर्ट टाका, ऑडिट ट्रेल (कोणी, कधी, काय बदललं याची नोंद) टाकू नका. तो नंतर बसवायचा म्हटलं तर प्रत्येक टेबलाला हात लागतो.