शब्दचर्चा : भूकंपाची ‘तीव्रता’ नेमकी कुठली?

प्रश्न : १९९३च्या किल्लारी भूकंपाबद्दल एका लेखात ‘तीव्रता ६.२’ वाचलं, दुसऱ्यात ‘तीव्रता आठ’. चूक कोणाची?

उत्तर : चूक कोणाचीच नाही, आपण एका शब्दावर दोन ओझी लादली आहेत. ६.२ हा आकडा सांगतो की खडक सरकले तेव्हा भूकंप मुळात किती मोठा झाला. तो मोजा पुण्यात किंवा टोकियोत, आकडा भूकंपाला एकच. त्यात एकाची वाढ म्हणजे हेलकावा १० पट आणि ऊर्जा सुमारे ३२ पट. ‘आठ’ मात्र मर्कलीसारख्या १२ पायऱ्यांच्या श्रेणीतला. एखाद्या गावाने काय सोसलं, भांडी वाजली की भिंती पडल्या, यावरून तो ठरतो आणि गावागणिक बदलतो.

आपण तीव्र वेदना म्हणतो, तीव्र दुष्काळ म्हणतो. तीव्रता ही सोसणाऱ्याच्या बाजूची असते. म्हणून हा शब्द दुसऱ्या अर्थालाच ठेवावा आणि पहिल्याला ‘महत्ता’ म्हणावं, असं माझं ठाम मत आहे.

‘६.२ रिश्टर स्केलचा भूकंप’ हेही सोडायला हवं. स्केल म्हणजे मोजायची श्रेणी, ते एकक नव्हे. अमेरिकी भूकंपशास्त्रज्ञ चार्ल्स रिश्टर यांनी ती १९३५मध्ये कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी मांडली. मोठ्या भूकंपांना आता आघूर्ण महत्ता (मोमेंट मॅग्निट्यूड) वापरतात, म्हणजे किती खडक किती सरकला यावरून काढलेली महत्ता.

प्रश्न : महत्ता एकच, तर एकाच गावात एक घर पडतं आणि दुसरं तगतं, असं का?

उत्तर : माझं आजोळ किल्लारीच्याच औसा तालुक्यातलं, म्हणून सोसण्याबद्दल लिहितो. तिकडची जुनी घरं माळवदाची. दोन-अडीच फूट रुंद भिंत, धोंडे मातीत बसवलेले, आतला आणि बाहेरचा थर सांधणारा आडवा दगड बहुधा नसायचाच. वर लाकडं आणि त्यांवर मातीचा जाड थर. गळू नये म्हणून त्यावर पुन्हा पुन्हा माती चढायची. उन्हाळ्यात असं घर गार राहतं. ३० सप्टेंबरला पहाटे ३.५६ला, विसर्जनाच्या रात्री दमून झोपलेल्या माणसांवर तेच कोसळलं. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्याच गावात जिथे माळवद भिंतीऐवजी सागवानी खांबांवर पेललेलं होतं, तिथे भिंती ढासळूनही छत तगलं. कुडाच्या झोपड्याही तगल्या. महत्ता सगळ्यांना सारखीच होती.

प्रश्न : ‘भूकंप आला’ की ‘झाला’?

उत्तर : मराठीत पूर येतो, वादळ येतं, भूकंप मात्र होतो. ‘आला’ हिंदीवरून आलंय. धक्का ‘बसतो’.

प्रश्न : आणि मोठ्या भूकंपानंतरचे धक्के? ‘पश्चात् धक्के’ वाचलंय.

उत्तर : छापायला ठीक आहे. आजोळी कोणी तसं म्हटलेलं मी ऐकलं नाही. ‘अजून हादरे बसतायत’ एवढंच म्हणायचे, आणि अंथरूण उचलून अंगणात टाकायचे.