मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन फ्रेडरिक्सबर्ग (टेक्सस), मार्चअखेर की मेअखेर?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी,

आम्ही ह्यूस्टनला असतो. आई-बाबा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात येतायत, जूनच्या सुरुवातीला परत. मागच्या खेपेला नासा, गॅल्व्हस्टनचा समुद्र आणि असतील नसतील तेवढे मॉल दाखवून झाले. परत जाताना विमानतळावर बाबा म्हणाले, "सगळं छान आहे गं, पण इथं गाव कुठं असतं?" ते वाक्य दोन वर्षं डोक्यात बसलंय.

म्हणून यावेळी फ्रेडरिक्सबर्ग ठरवतेय. १८४६ साली जर्मन लोकांनी वसवलेलं गाव, जुनी दगडी घरं, आजूबाजूला टेकड्या आणि शेती. कागदावर तर बाबांसाठीच बनवल्यासारखं वाटतं. ते इतिहास-भूगोलाचे शिक्षक होते, आता ७४ वर्षांचे आहेत आणि पाटी दिसली की वाचल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर तासभर चालते, पण चढ नको. शिवाय ती अंडंही खात नाही.

अडचण अशी की इंटरनेटवर जिथं बघावं तिथं वाइन, वाइन आणि वाइन. हायवे २९० वर वायनरींची रांग, त्यांच्या बसेस, लग्नाआधीच्या मैत्रिणींच्या पार्ट्या. आमच्या घरात कुणी पीत नाही. ते सगळं वजा केलं तर दोन दिवस पुरेल एवढं गाव उरतं का?

दुसरं म्हणजे मार्चअखेर ब्लूबॉनेट फुललेली असतात म्हणे आणि मेअखेर पीच येतात. दोन्ही वेळा जाणं शक्य नाही, नवऱ्याची सुट्टी एकदाच आहे. तुम्ही काय निवडाल? आणि ती एन्चांटेड रॉक नावाची टेकडी आईला खालून बघण्यासारखी आहे का, की तिला गाडीत बसवून ठेवावं लागेल?

---

टेक्सनअण्णा

मार्च. डोळे मिटून मार्च. मेअखेर दुपारी त्या दगडी फुटपाथवर आईंना चालवणार आहात का? पीच काय, ह्यूस्टनच्या दुकानातही मिळतील.

---

बारावाटा

अण्णांशी सहमत, पण दुकानातले पीच आणि फ्रेडरिक्सबर्गजवळच्या स्टोनवॉल गावात रस्त्याकडेला टपरीवर घेतलेले पीच एकच, असं म्हणणाऱ्या माणसाच्या आंब्याबद्दलच्या मतांवरही मी विश्वास ठेवणार नाही. :)

मी ऑस्टिनला राहतो, दीड तासाचा रस्ता, त्यामुळे बऱ्याचदा जाणं होतं. वाइन वजा केल्यावर काय उरतं ते सांगतो.

पहिल्यांदा मेन स्ट्रीटची रुंदी बघा. बैलजोडीची गाडी मधेच वळवता यावी म्हणून रस्ता एवढा रुंद ठेवला असं सांगतात. बाबांना हे पटकन भिडेल. मग कोर्टापासून पूर्वेकडे चालत जा आणि आडव्या रस्त्यांच्या पाट्या वाचायला लावा: अ‍ॅडम्स, लानो, लिंकन, वॉशिंग्टन, एल्क, ली, कोलंबस, ऑलिव्ह, मेस्कीट, ईगल. इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की 'ऑल वेलकम' होतं. पश्चिमेकडे तसंच 'कम बॅक' होतं. बाबांना आधी सांगू नका, स्वतः शोधू दे.

मार्क्टप्लात्स म्हणजे गावचा चौक. तिथं आठ कोनांची एक इमारत आहे, फेराइन्स कीर्खे. मूळची १८४७ ची, गावातली पहिली सार्वजनिक वास्तू. चर्च, शाळा, सभागृह, सगळं तीच. आकारामुळे लोक तिला 'कॉफीची चक्की' म्हणायचे. जुनी पाडली गेली, आता दिसते ती १९३० च्या दशकातली प्रतिकृती. हेही आधीच सांगून ठेवा, नाहीतर बाबा खट्टू होतील.

आणि संडे हाउसेस. लांबच्या मळ्यांवर राहणारे शेतकरी शनिवारी बाजाराला आणि रविवारी चर्चला गावात येत. एका दिवसात जाऊन-येऊन व्हायचं नाही, म्हणून गावात एक-दोन खोल्यांचं चिमुकलं घर बांधून ठेवत. पोरांनी झोपायला माळ्यावर जायचं, त्याचा जिना कित्येकदा बाहेरून. त्यातली काही घरं आता राहायला भाड्यानं मिळतात. हॉटेलपेक्षा तेच घ्या, फक्त माळ्यावरचा पलंग आईंच्या वाट्याला येत नाही ना ते बुक करताना विचारा. पायोनियर म्युझियममध्येही असं घर आतून बघता येतं. तिथंच लाकडी सांगाडा आणि मधे दगड भरलेली भिंत कशी असते ते जवळून दिसतं. आपल्याकडच्या वाड्यांशी ताडून बघायला बाबांना अर्धा दिवस पुरणार नाही.

वसवणारा माणूसही मजेशीर. जॉन म्यूजेबाख हा जर्मन सरदार घराण्यातला. टेक्ससात पाऊल ठेवल्यावर त्यानं 'बॅरन' ही पदवी टाकून दिली. पहिली तुकडी न्यू ब्राउनफेल्सहून बैलगाड्यांनी निघाली ती सोळा दिवसांनी पोचली. तो सगळा मुलूख कोमांची या मूळनिवासी लोकांचा. म्यूजेबाखनं १८४७ मध्ये त्यांच्याशी थेट बोलून करार केला, आणि दोन्ही बाजूंनी पाळलेल्या मोजक्या करारांत त्याची गणना होते. त्या बोलणीच्या दिवसांत टेकड्यांवर कोमांचींच्या शेकोट्या दिसायच्या. घाबरलेल्या पोरांना एका आईनं सांगितलं म्हणे, की ईस्टरचा ससा अंडी रंगवायला पाणी उकळतोय. दंतकथा असेल, पण गावानं ती जपली आहे.

एन्चांटेड रॉकबद्दल: आईंना गाडीत बसवू नका. गुलाबी ग्रॅनाइटचा एकसंध घुमट आहे, आजूबाजूच्या जमिनीपासून ४२५ फूट उंच, वय साधारण एक अब्ज वर्षं. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटतात त्याचे. खालून बघायलाही भव्य वाटतो, पायथ्याशी झाडं आहेत, बसायला जागा आहे. तुम्ही आणि बाबा आळीपाळीनं वर जा. कठडा वगैरे काही नाही, आणि पाऊस झाला असेल तर अजिबात चढू नका. दिवसाचा पास आधी काढा. वीकेंडला पार्क भरलं की फाटक बंद करतात, मी स्वतः दोनदा परत फिरलोय.

---

खवचट_काका

एवढं काही नाहीये हो त्या गावात. मेन स्ट्रीटवर निम्मी दुकानं मेणबत्त्या आणि 'टेक्सस' लिहिलेल्या टोप्या विकतात. जुनी टेक्सस जर्मन बोलणारी पिढी जवळजवळ संपली. गाव बघायचं तर दक्षिणेला कम्फर्टला जा. १८५४ चं, छोटं, शांत. तिथले जर्मन बहुतेक मुक्त विचारांचे, चर्चशी फारसं देणंघेणं नसलेले आणि गुलामगिरीच्या विरोधातले. यादवी युद्धात टेक्सस फुटून निघालं, तेव्हा यांनी अमेरिकन संघराज्याची बाजू सोडली नाही. १८६२ च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोकडे निघालेल्या त्यांच्या तुकडीला बंडखोर दक्षिणेच्या सैनिकांनी नुएसेस नदीकाठी गाठून मारलं, जखमींनाही सोडलं नाही. युद्धानंतर नातेवाईकांनी हाडं गोळा करून आणली आणि १८६६ मध्ये त्यांच्यावर स्मारक उभं केलं. 'ट्रॉय डेर उनियोन' असं त्यावर जर्मनमध्ये कोरलंय, म्हणजे संघराज्याशी निष्ठा. बंडखोर दक्षिणेच्या पोटात असलं स्मारक! इतिहासाच्या मास्तरांना हे दाखवलं नाही तर काय दाखवलं?

---

बारावाटा

काकांनी टोपीवाल्या दुकानांबद्दल खवचटपणा केला, पण कम्फर्टचं १०० टक्के खरं.

---

कृष्णाकाठची

बारावाटा, काका, खूप खूप धन्यवाद! काका, तुमचा प्रतिसाद फोनवर बाबांना वाचून दाखवला. लगेच विचारलं, "तिथं फोटो काढू देतात का?"

मार्च नक्की करतेय. आता आईच्या जेवणाचं कुणी सांगेल का?

---

पुरणाचीपोळी

माझ्या सासूबाईंना घेऊन गेले होते, म्हणून अनुभवाचे बोल.

जर्मन हॉटेलात शाकाहारी दिसणारे पदार्थ फसवतात. बटाट्याचं सॅलड गरम असेल तर त्यात बहुतेक वेळा बेकन असतं. लाल कोबी आणि साउअरक्राउट (आंबवलेला कोबी) यांतही असू शकतं, दर वेळी विचारायचं. श्पेट्झल म्हणजे बोटभर शेवया, पण पीठ अंड्यात भिजवलेलं. बटाट्याचे पॅनकेक आपल्या थालीपिठाच्या जवळचे, त्यातही सहसा अंडं. राहिलं काय, तर प्रेट्झेल आणि मोहरी, भाज्यांचं सूप (रस्सा कशाचा ते विचारून) आणि सफरचंदाचं श्ट्रूडल, तेही विचारूनच. सासूबाईंनी प्रेट्झेलला 'मोठी खारी' असं नाव दिलं आणि दोन दिवस त्यावर आणि दशम्यांवर काढले. स्वयंपाकघर असलेलं घर घ्या आणि छोटा कुकर न्या. मऊ भात, मेतकूट, तूप. प्रश्न मिटला.

अजून एक. ह्यूस्टनहून जाताना २९० वरच स्टोनवॉल लागतं. तिथं राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचा रँच आणि कबर आहे. त्याला लागून जुनं जर्मन शेतकरी कुटुंबाचं घर जपलंय, साउअर-बेकमन फार्म. शंभरेक वर्षांपूर्वीचे कपडे घातलेली माणसं तिथं चुलीवर स्वयंपाक करतात, गायी सांभाळतात, लोणी काढतात. प्रवेश फुकट. मेन स्ट्रीटच्या सगळ्या दुकानांपेक्षा सासूबाई तिथं जास्त रमल्या. लोणी काढणाऱ्या बाईला त्यांनी मराठीतच सूचना केल्या.

---

कृष्णाकाठची

पुरणाचीपोळी, हसून हसून पुरेवाट झाली. आईसुद्धा हेच करणार.

पण जॉन्सनचं नाव ऐकून बाबा गप्पच झाले. मग म्हणाले, "हाच तो, ज्याच्या वेळी आम्ही रेशनच्या रांगेत उभे होतो." १९६५-६६ चा दुष्काळ, पी. एल. ४८० या अमेरिकन धान्यमदतीच्या कायद्याखाली आलेला गहू, लाल मिलो ज्वारी. मला मिलो हा शब्दच माहीत नव्हता. जॉन्सन एकदम धान्य न पाठवता थोडं थोडं, हात आखडून सोडायचा, त्यामुळे पुढच्या जहाजाकडे डोळे लागलेले असायचे, असं सांगत होते. आजीला त्या मिलोची भाकरी थापताच यायची नाही, तुटायची. आता त्यांना कबर बघायचीच आहे. कशासाठी ते विचारायचं धाडस मी केलं नाही.

तर पहिला दिवस स्टोनवॉल आणि गाव, दुसरा सकाळी एन्चांटेड रॉक, तिसरा कम्फर्ट करून परत. नवऱ्याकडून एक दिवस जास्तीचा मागून घेतला. विलो सिटीचा फुलांचा रस्ता यात बसेल का?

---

बारावाटा

बसेल. रॉकवरून येतानाच तिकडे वळा, १३ मैलांचा वळणावळणाचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना खाजगी जमीन, म्हणून फुलात उतरून फोटो काढू नका, गाडी हळू चालवा आणि काचेतून बघा. शनिवारी नको, गाड्यांची रांग लागते. शुक्रवारी जा.

---

टेक्सनअण्णा

आणि येताना माझ्यासाठी पीचचा मुरांबा. मार्चमध्येही बरणीतला मिळतो.