चिनी काढा दहा मिनिटांत होत नाही

रानवेल:
"चिनी काढा म्हणजे आपलाच काढा. सगळं पातेल्यात टाका, दहा मिनिटं उकळा. वनस्पतीच आहेत, अपाय कसला?" कालची ही पोस्ट वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

औषधी जिनसांची पुडी आधी गार पाण्यात अर्धा तास भिजवायची, पाणी जिनसांच्या वर दोन बोटं. भांडं मातीचं, लोखंड-अ‍ॅल्युमिनियम नको. उकळी फुटली की मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. गाळून त्याच चोथ्याचा दुसरा काढा करायचा, दोन्ही एकत्र करून दोन वेळा घ्यायचे. पुदिना शेवटच्या पाच मिनिटांत, नाहीतर त्याचं तेल उडून जातं. शिंपले, खनिजं मात्र अर्धा तास आधी.

आणि फूत्झ? ती बचनागाच्या कुळातली मुळी. एकटी निदान तासभर उकळावी लागते, तेव्हा कुठे त्यातलं अकोनिटीन हे विष फुटून सौम्य होतं. कच्ची राहिली की आधी ओठ-जीभ बधिर, मग हृदयाचे ठोके बिघडतात. माणूस दगावतो.

काथवट:
उगाच घाबरवू नका. औषधाच्या दुकानात फूत्झ प्रक्रिया केलेलीच मिळते. शिवाय शहरातली कितीतरी माणसं आता दाणेदार अर्काची पाकिटं गरम पाण्यात ढवळून घेतात. उकळणंच श्रेष्ठ असतं तर चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना मलेरियाचं औषध सापडलंच नसतं. चौथ्या शतकातल्या चिनी वैद्य ग ह्‌ंगच्या ग्रंथात छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलंय. उष्णतेने गुण जातो हे त्यावरून त्यांनी ओळखलं, ईथरने कमी तापमानाला अर्क काढला. 2015 चं नोबेल त्याचंच.

तपासनीस:
नोबेल एका रेणूला मिळालं, नाडीपरीक्षेला नाही. प्राण्यांवर चाचणी, मग माणसांवर, मग मात्रा ठरली. आणि "वनस्पतीला अपाय नाही" म्हणणाऱ्यांनी ब्रसेल्स आठवावं. 1990 च्या सुमारास वजन घटवायच्या गोळ्यांत स्टेफानिया या वनस्पतीऐवजी, चिनी नावं सारखी असल्यामुळे, अरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती गेली. कित्येक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग. तिथे कितीही उकळून काय होणार होतं?

वैद्यमित्र:
चीनचं कौतुक पुरे! बचनागाचं शोधन, म्हणजे त्याचं विष सौम्य करणं, आपल्याकडे केव्हापासून आहे. तुकडे करून तीन दिवस गोमूत्रात, रोज गोमूत्र बदलायचं, मग उन्हात वाळवायचं. नाहीतर दोलायंत्रात, म्हणजे पुरचुंडी भांड्यात लोंबकळत ठेवून, गाईच्या दुधात प्रहरभर शिजवायचं.

तपासनीस:
ग्रंथात आहे हो. पण प्रत्येक घाण्यात अकोनिटीन किती उरलं, ते मोजून बाटलीवर छापता का?

वैद्यमित्र:
तुम्हाला आयुर्वेदाचा आकसच आहे. चांगले कारखाने मोजतात.

तपासनीस:
मग आकडा छापा. तेवढंच मागतोय, आकस कसला?

काथवट:
बरं, घरी कच्ची फूत्झ कुणी शिजवू नये, एवढं मान्य. पाकिटांवरचा माझा विश्वास कायम आहे.

रानवेल:
पाकिटातही ज्येष्ठमध असतोच, बहुतेक चिनी औषधांच्या कृतींत तो आहे. जास्त दिवस घेतला तर पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी वाढतो. दानशन ही चिनी मुळी रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनबरोबर घेतली तर रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांकडे जाताना पुडीवरची यादी बरोबर न्या. "घरगुती काढा घेतो" एवढ्याने त्यांना काही कळत नाही.