सल्ला हवा: वेल्वाला रेक्रेआतिव्होची मॅच, सोबत बाबा

रानडुक्कर_वणी
नमस्कार मंडळी. मार्चमध्ये बाबांना घेऊन स्पेनला जातोय. सेव्हिलमध्ये तीन रात्रींचं बुकिंग आहे (रद्द करता येतं). त्यातला एक दिवस काढून वेल्वाला रेक्रेआतिव्होची मॅच बघायची आहे. होय, माद्रिद-बार्सा नाही, चौथ्या थरातला फुटबॉल क्लब, मुद्दामच.

बाबा 69 वर्षांचे, वणीच्या कोळसा खाणीतून निवृत्त. फुटबॉलशी काडीचाही संबंध नाही, पण हा क्लब खाणवाल्यांनी काढला म्हटल्यावर त्यांनी कान टवकारले. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. पक्के शाकाहारी.

बजेट दोघांचं मिळून 120 युरो, प्रवास, जेवण, तिकीट सगळं धरून. गाडी भाड्याने घेणार नाही. प्रश्न:
१. ट्रेन की बस?
२. मॅचचं तिकीट आधी काढावं का?
३. मैदानाजवळ बाबांना दाखवण्यासारखं काही आहे का?
जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

विमानवेडा
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. एवढं स्पेनला जाऊन चौथ्या डिव्हिजनची मॅच? आम्ही चौघं गेलो तेव्हा बेर्नाबेऊची, म्हणजे रेआल माद्रिदच्या मैदानाची, टूर केली, डोळ्यांचं पारणं फिटलं. तिथल्या कॅफेत एका कॉफीचे जे काय लावले ते विचारू नका, पण आयुष्यात एकदाच जातो माणूस. बजेट थोडं वाढवा.

पेठेतला_गोलकीपर
रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो.

कोल्हापुरी_तांबडा
विमानवेडा, टूर म्हणजे रिकाम्या खुर्च्या बघायला पैसे देणं. फुटबॉल गर्दीत बघायचा असतो. आमच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे तालमींचे संघ समोरासमोर आले की पेठा दोन दिवस आधीपासून तापतात. धागाकर्त्याला सलाम. बिनधास्त जा भावा. त्रिबुनात, म्हणजे छपराखालच्या स्टँडात, बसू नको, गोलामागच्या फोंदोत ढोलवाल्यांजवळ बस.

रानडुक्कर_वणी
तांबडा, ढोल मला चालेल. बाबा उठून जातील :)

सेव्हिलची_सून
मी सेव्हिलमध्येच राहते. १ चं उत्तर: बस. प्लाझा दे आर्मासच्या स्टँडवरून सुटते, सव्वा तासाच्या आसपास लागतो, आणि दिवसभरात ट्रेनपेक्षा फेऱ्या कितीतरी जास्त. ट्रेन सांता हुस्ताहून, दीड तास, आणि दिवसाला मोजक्याच. मॅच संध्याकाळची असेल तर परतीच्या ट्रेनच्या भरवशावर अजिबात राहू नका.

२ चं उत्तर: या थरात मॅचचा वार आणि वेळ पक्की व्हायला जेमतेम आठ-दहा दिवस उरतात. कॅलेंडरवर रविवार दिसतो म्हणून सगळं बुक केलंत तर फसाल. तिकीट खिडकीवर मिळतं. 21 हजारांच्यावर क्षमतेचं मैदान आहे, जागेची चिंता नको.

अवांतर: माझ्या सासरी सगळे सेव्हिया क्लबचे. त्यांच्यासमोर ‘स्पेनचा सर्वांत जुना क्लब वेल्वाचा’ असं म्हणू नका, जेवण थंड होईपर्यंत वाद चालतो.

पेठेतला_गोलकीपर
आता लिहितो. 1873 मध्ये स्पेन सरकारने रिओ तिंतोच्या खाणी एका ब्रिटिश कंपनीला विकल्या. तांबं आणि पायराइट (लोह-गंधकाचं खनिज). माल बंदरात आणायला खाणीपासून वेल्वापर्यंत 84 किलोमीटरचा रेल्वेमार्ग टाकला, आणि नदीत थेट जहाजांवर माल ओतणारा धक्का 1876 मध्ये सुरू झाला. इंजिनिअर, कारकून, डॉक्टर सगळे साहेब, त्यांच्याबरोबर बॉलही आला. 23 डिसेंबर 1889 ला कोलोन हॉटेलात बैठक होऊन वेल्वा रिक्रिएशन क्लब स्थापन झाला. मॅके नावाचा स्कॉटिश डॉक्टर त्यामागे होता. म्हणून त्याला आजही देकानो, म्हणजे सगळ्यांत थोरला, म्हणतात.

सेव्हियाची कथा: त्यांच्या स्थापनेची तारीख 25 जानेवारी 1890. म्हणजे कागदावर वेल्वा महिनाभराने मोठा. 8 मार्च 1890 ला सेव्हिलच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दोघांची मॅच झाली, सेव्हिया 2-0 ने जिंकली.

बोरिवली_बॅकपास
मग तारागोनाचा जिमनास्तिक 1886 चा, त्याचं काय? गूगल करा.

पेठेतला_गोलकीपर
केलं. तो व्यायामशाळावाल्यांचा क्लब, फुटबॉल 1914 मध्ये सुरू केला. तालमीच्या स्थापनेचं साल धरायचं तर आपल्या पेठेतल्या तालमीही स्पर्धेत उतरतील.

बोरिवली_बॅकपास
क्लब म्हणजे क्लब. 1886 < 1889. गणित बदलत नाही.

सेव्हिलची_सून
झालं सुरू. म्हटलं होतं ना?

फारोमार्गे
आम्ही पोर्तुगालच्या फारोहून बसने वेल्वाला गेलो होतो. सीमेवरून रेल्वे नाहीच. आणि तुम्हाला कोणी सांगणार नाही म्हणून सांगतो: पोर्तुगालचं घड्याळ स्पेनच्या एक तास मागे. आमच्या ग्रुपच्या म्होरक्याने हे गृहीतच धरलं नाही, पोहोचलो तेव्हा दुसरा हाफ सुरू झालेला. वर ‘अर्ध्या तिकिटात सोडतील’ म्हणे. कोणी सोडलं नाही. फारोहून येणार असाल तर सांभाळा.

विमानवेडा
ते सेव्हिलहून जातायत हो.

फारोमार्गे
माहितीसाठी लिहिलं. इतरांना उपयोग होईल.

लाल_पाणी
तुमच्या बाबांसाठी लिहितो, बाकीच्यांनी वाचलं नाही तरी चालेल. वरच्या इतिहासात साहेबांची मौज आली, मजुरांचं काय ते आलं नाही. खाणीत खनिज उघड्यावर ढीग करून भाजत असत, महिनोन् महिने जळायचं, गंधकाचा धूर गावावर आणि शेतांवर. फेब्रुवारी 1888 मध्ये मजूर आणि शेतकरी मिळून गावच्या चौकात जमले आणि सैन्याने गोळ्या झाडल्या. क्लब निघाला त्याच्या पुढच्याच वर्षी. हे माहीत असू द्या आणि मग स्टेडियम बघा.

मैदानाजवळ काय बघायचं हे कोणी धड सांगितलंच नाही. तो 1876 चा धक्का अजून उभा आहे, नुएव्हो कोलोंबिनो स्टेडियमपासून चालण्याच्या अंतरावर. सपाट आहे, गुडघ्याला त्रास नाही. वरच्या रुळांवरून भरलेले डबे उताराने आपोआप धक्क्याच्या टोकाला यायचे, माल खाली ओतून रिकामे डबे खालच्या रुळांवरून परत. इंजिन लागायचं नाही. खाणीतला माणूस तिथे अर्धा तास उभा राहील. लाकडी फळ्यांवरून थेट पाण्यावर चालत जाता येतं, सूर्यास्ताला सगळं गाव तिथेच असतं. गावात कामगारांसाठी बांधलेली रेइना व्हिक्टोरिया वसाहतही आहे, इंग्रजी धाटणीची घरं आणि समोर बागा.

गाडीवाला_नंद्या
+१ धक्क्याला. पण खरी मजा वर खाणीच्या गावात, मिनास दे रिओतिंतोला. गाडी घ्या राव, एका दिवसात खाण, म्युझियम, ती पर्यटकांची ट्रेन आणि संध्याकाळी मॅच. मी असंच केलं. रिओ तिंतो नदी खरंच लाल आहे, फोटोत रंग वाढवलेला नाही.

रानडुक्कर_वणी
नंदूभाऊ, गाडी घेणार नाही असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. वर जायला बस आहे का?

गाडीवाला_नंद्या
बस असेल. पण गाडी ती गाडी.

लाल_पाणी
बस आहे, फेऱ्या अगदी कमी, आणि शनिवार-रविवारी आणखी कमी. एका दिवसात खाण आणि मॅच दोन्ही जमवू नका, धावपळीत वडिलांचे हाल होतील. म्युझियम कंपनीच्या जुन्या इस्पितळाच्या इमारतीत आहे, आणि बेयाव्हिस्ता या साहेबांच्या वसाहतीतलं 21 नंबरचं घर आतून बघता येतं. जुन्या 84 किलोमीटरपैकी साधारण 12 किलोमीटरवर पर्यटक गाडी चालते, सगळे दिवस नाही. मार्चमधल्या तारखा आधी बघून घ्या.

कोल्हापुरी_तांबडा
क्लबचं पुढे काय झालं ते कोणी लिहिलं नाही. 2003 मध्ये किंग्स कपच्या फायनलला गेले, मायोर्काकडून 3-0 हरले, एतोचे दोन गोल. त्याच मोसमात पहिल्या डिव्हिजनमधून बाहेर. 2006 मध्ये परत वर आले आणि डिसेंबरात बेर्नाबेऊवर माद्रिदला 3-0 धुतलं. पुढे स्पेनकडून खेळलेला काझोर्ला होता त्या टीममध्ये. विमानवेडा, तुमच्या टूरमध्ये हे दाखवलं का? हलके घ्या.

त्या मॅचला जाताना चाहत्यांची बस उलटून चार जण गेले. जिंकल्यावर जल्लोष कसला करणार.

मग 2009 ला घसरले ते घसरलेच. पैसा संपला, पगार थकले, 2016 मध्ये क्लबचे शेअर नगरपालिकेने ताब्यात घेतले. 2021 मध्ये पाचव्या थरात. दोन वर्षांत दोनदा वर चढले आणि 2025 मध्ये पुन्हा एक पायरी खाली. आमच्याकडे असं झालं असतं तर पेठेने वर्गणी काढली असती.

बोरिवली_बॅकपास
नगरपालिकेने क्लब चालवायचा? आमच्या वॉर्डातला दिवा दोन महिने बंद आहे.

सुगरण_इन_एक्झाइल
जेवणाचं कोणी बोललं नाही. वेल्वा म्हणजे चोको (माकुळासारखा समुद्री प्राणी), पांढरी कोळंबी आणि हाबुगोचं डुकराचं हॅम. शाकाहाऱ्याची पंचाईत. साल्मोरेहो (टोमॅटोचं दाट गार सूप) मागवलंत तर वर हॅमचे तुकडे पेरून देतात, ‘सिन हामोन’ आधीच सांगा. अंडंही असतं, तेही सांगा. पालक-हरभऱ्याची भाजी मिळाली तर उत्तम. आणि मार्चमध्ये स्ट्रॉबेरी! त्या जिल्ह्यात ढिगाने पिकते, महाबळेश्वर विसराल.

विमानवेडा
महाबळेश्वरची सर कशालाही येणार नाही.

पाचगणीकर
+१. आणि ती पाचगणीची असते, नाव महाबळेश्वरचं.

सेव्हिलची_सून
मूळ मुद्द्यावर येऊया का? माझा सल्ला: मुक्काम सेव्हिललाच, दुपारच्या बसने जा, धक्का बघा, मॅच बघा, रात्री परत. दोघांचं सगळं 120 मध्ये आरामात बसतं. बाबांना त्रिबुनाचं तिकीट काढा, छप्पर असतं. खाडीवरून वारा येतो, स्वेटर घ्या.

पेठेतला_गोलकीपर
+१. हेच करा.

गाडीवाला_नंद्या
+१. पण गाडीने.

रानडुक्कर_वणी
सगळ्यांचे आभार, विशेषतः लाल_पाणी. तुमची पोस्ट बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. डबे इंजिनशिवाय कसे परत यायचे यावर त्यांनी मला जेवताना वर्तमानपत्राच्या कडेला पेनने उतार काढून दाखवला, वर ‘ब्रेकमन कुठे उभा राहायचा ते विचार’ म्हणाले. 1888 चं ऐकून मात्र काही बोलले नाहीत.

तर ठरलं असं: सेव्हिलच्या दोन रात्री रद्द केल्या, फक्त एक ठेवली. दोन रात्री वेल्वात. शुक्रवारी बसने वर खाणीत जाऊन यायचं, शनिवारी धक्का आणि ती वसाहत. मॅच शनिवारी-रविवारी जेव्हा पडेल तेव्हा, सोमवारी पडली तर हुकली. ती टांगती तलवार मी पत्करली आहे. बजेट ओलांडणार, ते बाबा देणार म्हणतायत.

विमानवेडा
अहो, अल्काझार राजवाडा, कॅथेड्रल, सगळं एका दिवसात उरकणार? आणि मॅचचीही खात्री नाही?

रानडुक्कर_वणी
अल्काझार बाहेरून बघू. बाबांना पाण्यावरचे रूळ बघायचेत.

सेव्हिलची_सून
वेडे आहात. बसचं वेळापत्रक व्यक्तिगत निरोपातून पाठवते.

नवा_गडी
छान धागा, वाचनखूण साठवली. एक शंका: सेव्हिलहून वेल्वाला ट्रेन जाते का?