मदत हवी आहे: बीएमआय 'नॉर्मल', पण पोट सुटलंय आणि साखर बॉर्डरवर

नमस्कार मंडळी,

प्रश्न नवऱ्याच्या तब्येतीचा आहे. वय ४२, उंची १६८ सेंमी, वजन ७० किलो. सातपूरला एका कारखान्यात सुपरवायझर आहे, तिन्ही शिफ्ट कराव्या लागतात. कंपनीतर्फे दरवर्षी तपासणी होते. या वेळी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २४.८ आला आणि त्यासमोर 'नॉर्मल' असं छापून आलं. त्याच रिपोर्टात खाली उपाशीपोटीची साखर ११४, एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.२, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३०. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, ग्रेड १. घरी टेपने मापलं तर कंबर ९७ सेंमी भरली. हातपाय बारीक आहेत, सगळं काय ते पोटावर. घोरतो भरपूर, आणि सुट्टीच्या दिवशीही दुपारी बसल्या जागी डुलक्या घेतो.

मी विषय काढला की तो कागदावरचा 'नॉर्मल' दाखवतो. सासूबाई म्हणतात, पुरुषमाणसाला चाळिशीत थोडं पोट येतंच, मुळात तो कुठे जाड आहे? पण सासऱ्यांना पन्नाशीच्या आत मधुमेह झाला आणि शेवटी डायलिसिसवर न्यावं लागलं. ते आम्ही सगळ्यांनी जवळून पाहिलंय. म्हणून मला यात धीर धरवत नाही.

मला समजून घ्यायचंय ते असं. ७० किलोच्या माणसाला लठ्ठपणाचा धोका आहे असं म्हणता येतं का, आणि येत असेल तर त्याने नेमकं किती उतरवायचं? त्याच्या खात्यातले काहीजण दीक्षित डाएट करतात, दोनदाच जेवायचं. रात्रपाळीच्या माणसाला ते चालेल का? एकाच्या मेहुण्याने आठवड्याला घ्यायचं इंजेक्शन घेऊन बरंच वजन उतरवलं, तेव्हापासून नवऱ्याच्या डोक्यात तेही आहे. आणि सगळ्यात अवघड म्हणजे आमचं पाच माणसांचं घर. एकासाठी वेगळा स्वयंपाक रोज करणं मला जमणारं नाही, आणि एकट्याच्या ताटात वेगळं वाढलेलं त्यालाही आवडणार नाही.

डॉक्टरांकडे जाणार आहोतच. पण जाताना काय विचारायचं ते तरी कळावं. जाणकारांनी आणि अनुभव असणाऱ्यांनी कृपया लिहा.

– गोदाकाठ

प्रतिसाद: निवृत्तवैद्य

गोदाकाठ ताई, मी फिजिशियन म्हणून अनेक वर्षं काम केलं, आता निवृत्त आहे. तुमची काळजी योग्य जागी आहे. रिपोर्टातला 'नॉर्मल' हा शब्द मनावर घेऊ नका.

बीएमआयची २५ ही 'नॉर्मल'ची रेषा प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांच्या आकडेवारीवरून आली. आशियाई लोकांत धोका त्याच्या आधीच सुरू होतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आशियासाठी २३ आणि २७.५ हे टप्पे सुचवले. भारतात २३च्या पुढे जास्त वजन आणि २५च्या पुढे लठ्ठपणा असं धरलं जातं. कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८०. दुसरा सोपा ठोकताळा असा की कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. तुमच्या यजमानांची ८४च्या आत हवी, ती ९७ आहे. तेव्हा धोका आहे, आणि तो पोटाच्या आतल्या चरबीत आहे. वजनकाट्याला ती वेगळी दिसत नाही.

हे ओळखण्याचं मोठं काम आपल्या पुण्यातच झालं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. त्याआधी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू झाला होता. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपल्या बाळांत स्नायू आणि अवयव लहान, पण चरबी मात्र जवळजवळ राखलेली. म्हणजे हा सडपातळ दिसणारा चरबीदार देह आपण जन्मतःच घेऊन येतो. साठवायला सुरक्षित जागा कमी पडली की पुढची चरबी यकृतात आणि स्वादुपिंडात जाते. यकृतात ती साचली की इन्सुलिनला दाद मिळत नाही आणि साखर तयार होणं थांबत नाही. रक्तातली ट्रायग्लिसराइड वाढतात तीही तिथूनच. म्हणून साखर, ट्रायग्लिसराइड आणि फॅटी लिव्हर हे मी तीन आजार मानत नाही, एकाच बिघाडाची ही तीन लक्षणं आहेत.

किती उतरवायचं? ५ किलोपासून सुरुवात. ७० किलोच्या माणसाला ते सुमारे ७ टक्के होतात. अमेरिकेतल्या डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राममध्ये, निकाल २००२चा, ३२३४ जणांपैकी एका गटाला हेच ध्येय दिलं होतं: ७ टक्के वजन आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो चेन्नईचा डॉ. ए. रामचंद्रन यांचा अभ्यास, २००६. त्यातली ५३१ माणसं तुमच्या यजमानांसारखीच, सरासरी बीएमआय २६च्या आत. रोज अर्धा तास चालणं, साखर-मैदा-तेल कमी. तीन वर्षांत ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला दिला त्यांच्यातल्या ५५ टक्क्यांना मधुमेह झाला, जीवनशैली बदलणाऱ्यांतल्या ३९ टक्क्यांना. आणि त्यांचं वजन जवळजवळ उतरलंच नव्हतं! तेव्हा काटा हलला नाही म्हणून कुणी चालणं सोडू नये, एवढं माझं आग्रहाचं सांगणं.

त्यातला ५५चा आकडा पुन्हा पाहा. फक्त नेहमीचा सल्ला मिळालेल्यांतले निम्म्याहून जास्त तीन वर्षांत मधुमेही झाले. यजमानांना हेच सांगा.

डॉक्टरांकडे विचारायच्या गोष्टी: ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासायची का, यकृताच्या एन्झाइम, रक्तदाब, लघवीतलं अल्ब्युमिन (वडिलांची किडनी गेली म्हणून हे महत्त्वाचं), आणि घोरणं व दिवसा झोप यासाठी झोपेची तपासणी. झोपेत श्वास अडत असेल तर रक्तदाब वाढतो आणि इन्सुलिनचं कामही बिघडतं. हा भाग बहुतेक वेळा राहून जातो.

प्रतिसाद: ठाणेकर_मी

इंजेक्शनबद्दल. माझी बहीण घेते, तिचा बीएमआय ३६ होता आणि गुडघे गेले होते, तिला खरोखर उपयोग झाला. पण ही औषधं साधारण बीएमआय ३०च्या पुढे, किंवा २७च्या पुढे आणि सोबत एखादा आजार, अशांसाठी आहेत. २४.८ला कुठलाही नीट डॉक्टर लिहून देणार नाही. सेमाग्लुटाइड या अशाच आठवड्याच्या इंजेक्शनच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्याचं दोन तृतीयांश परत आलं. मेहुण्याचं ऐकून दुकानातून आणायची गोष्ट ही नक्कीच नाही.

प्रतिसाद: पोळीभाजी

ताई, स्वयंपाकाबद्दल मी लिहिते, कारण आमच्या घरी हेच झालं. सासऱ्यांची साखर वाढली तेव्हा मी ठरवलं की वेगळं काही शिजवायचं नाही, सगळ्यांचंच बदलायचं.

तेलापासून सुरुवात केली. महिन्याला पाच लिटर लागायचं, ते तीनवर आणलं. कढईत धारेने ओतायचं नाही, चमच्याने मोजून घालायचं. कुणाला चवीत फरक कळला नाही. मग ताटातली जागा बदलली. आधी उसळ, घट्ट वरण आणि कोशिंबीर वाढायची, त्यावर थोडं जेवण झालं की पोळी. चार पोळ्या खाणारे आपोआप दोनवर आले, भात वाटीभर. पोळीऐवजी भाकरी केली की हवी तितकी खाता येते असं आपल्याकडे समजतात. भाकरी चांगलीच, पण पिष्ट तिच्यातही आहे, तीही मोजूनच.

आणि उपवास! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, वर बटाटा. आमच्याकडे चतुर्थीला आता दही, मूठभर दाणे, फळ आणि लागलीच तर राजगिऱ्याची भाकरी असते. सासूबाईंना पटायला वेळ लागला. त्यांना साखरेचे आकडे दाखवून काही झालं नाही. 'तुमच्या हातची मटकीची उसळ त्यांना रोज हवीय' म्हटल्यावर मात्र त्यांनीच मोड आणायचं काम अंगावर घेतलं. तुमच्याही सासूबाईंना बाजूला ठेवू नका, त्यांनी नवऱ्याचं आजारपण काढलंय.

कंपनीतला चहा मात्र त्यांचा त्यांनीच सांभाळायला हवा. चार-पाच कप गोड चहा आणि सोबत सामोसा, यातच सगळं फुकट जातं.

प्रतिसाद: तर्कसंगत

थोडा वेगळा सूर लावतो. वजन कमी केलं की सगळं टळतं, असं चित्र उभं करू नये. अमेरिकेतल्या लुक अहेड अभ्यासात ५ हजारांहून जास्त मधुमेही जवळपास दहा वर्षं होते. वजन उतरलं, तरी हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या नाहीत. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. इतकी वर्षं मन मारून जगायचं आणि हाती हे, हेही गोदाकाठ यांना माहीत हवं.

प्रतिसाद: निवृत्तवैद्य

मुद्दा बरोबर आहे आणि तो लपवू नये. पण त्या अभ्यासातल्या लोकांना मधुमेह आधीच झालेला होता, आणि दोन्ही गटांना औषधंही व्यवस्थित मिळत होती. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांसाठी चीनमधल्या डाचिंगचा अभ्यास पाहा. १९८६ मध्ये सुरू झाला, आहार-व्यायामाचा कार्यक्रम सहाच वर्षं चालला, पण माणसांचा मागोवा ३० वर्षं घेतला. मधुमेह सरासरी जवळजवळ चार वर्षं लांबला, हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या घटना २६ टक्क्यांनी कमी, आयुष्य सुमारे दीड वर्षाने जास्त. म्हणून तर मी म्हणतो, हीच वेळ आहे. उपाशीपोटीची साखर १२६च्या, म्हणजे मधुमेहाच्या रेषेच्या, पुढे जाण्याची वाट पाहायची नाही.

दोन वेळच्या जेवणाबद्दल: ग्वांगझूमध्ये २०२२ साली एक चाचणी झाली. एका गटाने ठरावीक आठ तासांतच खायचं, दुसऱ्याने दिवसभरात कधीही, पण दोघांना उष्मांक सारखेच कमी. वर्षाअखेर दोन्ही गटांचं किती वजन उतरलं यात लक्षणीय फरक आढळला नाही. दोनदा जेवल्याने ज्याचं एकूण खाणं कमी होतं त्याला फायदा होतो. मात्र त्या दोन जेवणांत ताट भरून वाढलं तर काही हाती लागत नाही. यजमानांना सध्या साखरेची गोळी नाही, त्यामुळे करून पाहायला हरकत नाही. गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, साखर एकदम खाली जाऊ शकते.

आणि नुसतं चालणं पुरेसं नाही. आपल्याकडे स्नायूच कमी, आणि जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच उचलतात. आठवड्यातून दोनदा तरी जोर, बैठका, वजन उचलणं हवं.

प्रतिसाद: गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. निवृत्तवैद्य काका, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. तो ५५ टक्क्यांचा आकडा वाचून थांबला. मग स्वतःच टेप मागून घेतली. इंजेक्शनचा विषय आता संपलाय. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, झोपेच्या तपासणीचंही विचारणार आहोत.

पोळीभाजी, तुमची चमच्याची युक्ती आजच सुरू केली. सासूबाईंशी बोलले. डायलिसिसच्या दिवसांबद्दल त्या कधी बोलत नाहीत, काल बोलल्या. मटकी भिजत घातली आहे.

आता एकच अडचण उरते, रात्रपाळी. १० ते ६. तो रात्री दोनला कँटीनमध्ये वडापाव किंवा पोहे खातो आणि सकाळी घरी येऊन पुन्हा भरपेट नाश्ता करून झोपतो. कुणी रात्रपाळी करणारं आहे का इथे?

प्रतिसाद: शिफ्ट_बी

मी आहे, चाकणला. मुख्य जेवण रात्री नऊच्या आत घरीच, तुम्ही सगळे जेवता तेच. डब्यात दोन उकडलेली अंडी, किंवा मोड आलेल्या मुगाची कोरडी उसळ, आणि ताक. दोन वाजता भूक लागली तर तेवढंच. दोन ते पाच कँटीनच्या बाजूला फिरकायचं नाही, त्याऐवजी शॉपफ्लोअरवर दहा मिनिटं चक्कर. चहा बिनसाखरेचा, तोही तीननंतर बंद, नाहीतर सकाळी झोप लागत नाही. घरी आल्यावर भरपेट नाश्ता नको, एक वाटी दही किंवा फळ पुरे. खोलीत जाड पडदे लावा आणि सकाळी सात ते दुपारी दोन त्यांना कुणी हाक मारायची नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. झोप मोडली की उठल्यावर गोडच खावंसं वाटतं, हे मी अनुभवलंय. शिफ्ट बदलते त्या आठवड्यात पहिले दोन दिवस जड जातात, तेव्हा वजन करू नका.