अलाइनमेंट करूनही गाडी डावीकडे ओढते: नेमके काय तपासावे?

वाटसरू:

माझ्या हॅचबॅक गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते. गेल्या काही आठवड्यांपासून ती सरळ रस्त्यावरही डावीकडे ओढते. स्टिअरिंग सैल धरले की गाडी हळूहळू कडेला सरकू लागते आणि तिला लेनमध्ये ठेवण्यासाठी उजवीकडे सतत थोडा जोर लावावा लागतो, त्यामुळे लांबच्या प्रवासानंतर खांदा भरून येतो. पुढचे दोन्ही टायर नवे आहेत आणि चारही टायरमध्ये हवा ठरल्याप्रमाणे आहे. व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे काम, करून घेतले, त्याच्या कागदावर सगळे आकडे हिरव्या रंगात आले, तरी तसूभरही फरक पडला नाही. आता गॅरेजमधून स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगची हालचाल पुढच्या चाकांपर्यंत नेणारा भाग) बदलण्याचा सल्ला मिळतो आहे. एवढे मोठे काम काढण्याआधी खात्री करून घ्यावी, असे मला वाटते.

आणखी दोन गोष्टी नोंदवतो. गाडी थंड असताना पहिल्या काही किलोमीटरमध्ये ही ओढ फारशी जाणवत नाही. आणि जोरात ब्रेक लावला, तर गाडी डावीकडे न जाता किंचित उजवीकडे वळते. या दोन गोष्टींची सांगड मला घालता येत नाही.

पोलादी:

रॅक बदलण्याची घाई करू नका. रॅक झिजल्यावर स्टिअरिंगमध्ये मोकळी हालचाल येते, खडखड होते, क्वचित तेल गळते. पण नुसत्या झिजेमुळे गाडी सतत एकाच बाजूला ओढली जात नाही.

सर्वांत आधी रस्त्याचा दोष बाजूला काढावा लागतो. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मध्यभागी उंच आणि कडेला उतरता बांधतात. हा उतार दर मीटरला साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर असतो आणि तेवढ्यानेही डावीकडून चालणारी निर्दोष गाडी डावीकडे झुकते. म्हणून मोकळ्या, सपाट मैदानासारख्या जागी हीच चाचणी दोन्ही दिशांनी घ्यावी. तिथेही गाडी डावीकडेच गेली, तर दोष गाडीत आहे.

त्यानंतर टायर. नवा टायर निर्दोषच असतो, हा समज चुकीचा आहे. टायर बनताना आतले पट्टे मध्यरेषेपासून किंचित सरकले, तर तो रस्त्यावर सरळ न धावता एका बाजूला वळू पाहतो, आणि हा दोष ना डोळ्यांना दिसतो, ना बॅलन्सिंगमध्ये सापडतो. तो पकडण्याची खात्रीची रीत म्हणजे पुढची दोन्ही चाके आपसात बदलून गाडी चालवून पाहणे. ओढ उजवीकडे गेली किंवा नाहीशी झाली, तर टायर दोषी. ओढ जशीच्या तशी डावीकडे राहिली, तर पुढचे टायर सुटले. टायरच्या भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर ही अदलाबदल फक्त चाचणीपुरती, कोरड्या रस्त्यावर आणि कमी वेगात करावी.

हवेचा दाबही गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतरच मोजावा. तापमान १० अंशांनी वाढले की दाब एक ते दोन पीएसआयने वाढतो, त्यामुळे चालवून आल्यावर घेतलेला आकडा फसवा असतो.

कोनमापक:

अलाइनमेंटच्या कागदाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण अनेक जण तो हिरवा रंग पाहूनच घडी करून ठेवतात. हिरवा रंग एवढेच सांगतो की प्रत्येक चाकाचा कोन कंपनीने ठरवलेल्या मर्यादेत आहे. गाडी ओढते की नाही, हे मात्र डाव्या आणि उजव्या चाकातल्या फरकावर ठरते. एक चाक मर्यादेच्या वरच्या टोकाला आणि दुसरे खालच्या टोकाला असेल, तर दोन्ही आकडे हिरवे असूनही गाडी ओढू शकते.

कँबर म्हणजे समोरून पाहताना चाकाचा आत किंवा बाहेर असलेला कल. ज्या बाजूचा कँबर अधिक धन असतो, म्हणजे चाकाचा वरचा भाग अधिक बाहेर झुकलेला असतो, त्या बाजूला गाडी जाते. कास्टर म्हणजे बाजूने पाहताना, चाक ज्या अक्षाभोवती वळते त्या अक्षाचा पुढेमागे असलेला कल. ज्या बाजूचा कास्टर कमी असतो, त्या बाजूला गाडी जाते. दोन बाजूंमधला फरक अर्ध्या अंशाच्या पुढे गेला की बहुतेक गाड्यांमध्ये तो हाताला जाणवू लागतो. कागदावरचे हे आकडे इथे लिहिलेत, तर नेमके सांगता येईल.

टो, म्हणजे वरून पाहताना चाकांची पुढची टोके आत किंवा बाहेर वळलेली असणे, या कोनाबद्दल मात्र फार मोठा गैरसमज आहे. पुढच्या चाकांचा टो चुकला, तर टायर करवतीच्या दात्यांसारखे झिजतात आणि स्टिअरिंग वाकडे बसते, पण गाडी चालताना दोन्ही चाके तो फरक आपसात वाटून घेतात, त्यामुळे सततची ओढ सहसा त्यातून येत नाही. कित्येक छोट्या गाड्यांमध्ये कारखान्यातून फक्त हाच कोन जुळवण्याची सोय दिलेली असते. म्हणून अशा गाडीचे अलाइनमेंट पुन्हा पुन्हा करून काही साधत नाही. कँबर किंवा कास्टर बिघडला असेल, तर वाकलेला स्ट्रट (चाकावरचा स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा खांब), लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) फाटलेला रबरी बुश किंवा जागेवरून सरकलेली सबफ्रेम (हे भाग ज्यावर बसतात ती चौकट) शोधावी लागते. बुश सैल असेल, तर वेग देताना गाडी एकीकडे आणि ब्रेक लावताना दुसरीकडे झुकते, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या नोंदीसाठी तोही जरूर पाहून घ्यावा. मात्र थंड आणि गरम गाडीतला फरक त्यातून उलगडत नाही.

गतिरोधक:

वरचे दोन्ही प्रतिसाद योग्य आहेत, पण मूळ प्रश्नातला शेवटचा परिच्छेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रस्ता, टायर किंवा चाकांचे कोन यांमुळे होणारी ओढ गाडी सुरू केल्यापासून जवळपास सारखीच असते. तुमच्या गाडीची ओढ थोडे चालवल्यावर वाढते, म्हणजे दोष उष्णतेशी निगडित आहे, आणि चाकाजवळ उष्णता निर्माण करणारी मुख्य गोष्ट म्हणजे ब्रेक.

कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबून ब्रेक लावणारा चिमटा. बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या कॅलिपरला एकाच, म्हणजे आतल्या बाजूला पिस्टन असतो. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच वेळी अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून सरकून बाहेरचा पॅडही डिस्कवर आणतो. या पिनांवरचे रबरी बूट फाटले की आत पाणी जाते, ग्रीस सुकते, पिना गंजतात आणि कॅलिपर सरकेनासा होतो. मग दोन परिणाम एकाच वेळी दिसतात. ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतो आणि गाडी त्या चाकाच्या बाजूला ओढली जाते. उलट जोरात ब्रेक लावला, तर अडकलेले चाक पुरेशी पकड देत नाही, दुसऱ्या बाजूचे चाक पूर्ण पकडते आणि गाडी त्या दुसऱ्या बाजूला वळते. चालताना डावीकडे आणि ब्रेकवर उजवीकडे हे तुमचे वर्णन डाव्या पुढच्या ब्रेकला तंतोतंत लागू पडते.

पडताळणी सोपी आहे. शक्यतो ब्रेक न वापरता काही अंतर गाडी चालवा, तिला हळूहळू आपोआप थांबू द्या आणि मग चारही चाकांच्या रिमजवळ हाताची मागची बाजू धरून पाहा. डिस्कला स्पर्श मुळीच करू नका, कारण घासत राहिलेली डिस्क शंभर अंशांच्या कितीतरी वर तापलेली असू शकते. एकच चाक इतरांपेक्षा ठळकपणे गरम असेल किंवा जळका वास येत असेल, तर मागच्या चाकांना अडसर लावून, गाडी जॅकवर उचलून खाली स्टँड द्या आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून ते चाक हाताने फिरवा.

चाक जड फिरत असेल, तर त्या कॅलिपरचा ब्लीडिंगचा (ब्रेक ऑइल बाहेर काढण्याचा) नट किंचित सैल करायला मेकॅनिकला सांगा. थोडे ब्रेक ऑइल बाहेर येऊन चाक लगेच मोकळे झाले, तर दाब आत अडकून राहतो आहे. एकाच चाकाच्या बाबतीत याचे सर्वसाधारण कारण म्हणजे आतून सुजलेला रबरी ब्रेक होज (कॅलिपरला ब्रेक ऑइल पोहोचवणारी नळी), जो बाहेरून अगदी धडधाकट दिसतो. नट सैल करूनही चाक जडच राहिले, तर पिस्टन किंवा पिना अडकल्या आहेत. ही एक चाचणी वगळून थेट कॅलिपर बदलला, तर होजचा दोष तसाच राहतो आणि नवा कॅलिपरही पुन्हा धरून ठेवू लागतो.

वाटसरू:

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. सपाट जागी दोन्ही दिशांनी गाडी डावीकडेच गेली आणि पुढची चाके आपसात बदलूनही ओढीची दिशा बदलली नाही. कागदावर डाव्या आणि उजव्या बाजूंच्या कँबरमध्ये आणि कास्टरमध्ये नगण्य फरक आहे. मात्र चालवून आल्यावर डावे पुढचे चाक इतके तापले होते की रिमजवळ हात धरवेना, तर उजवे जेमतेम कोमट होते.

मेकॅनिकने नट सैल केला तरी चाक मोकळे झाले नाही. कॅलिपर उतरवल्यावर खालच्या पिनेचा बूट फाटलेला दिसला आणि ती पिन हातोडीचे हलके ठोके दिल्याशिवाय बाहेर येईना. तिच्यावर तपकिरी गंजाचा जाड थर होता. आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजत आला आहे आणि बाहेरचा अर्ध्याहून अधिक शिल्लक आहे. पिस्टन मात्र सहज मागे जातो. आता फक्त पिना साफ करून बसवाव्यात का?

गतिरोधक:

आतला आणि बाहेरचा पॅड यांच्या झिजेतला असा फरक पिना अडकल्याचीच खूण आहे. खड्डे पडलेली पिन साफ करून वापरू नका. पिना आणि बूट नवे घ्या, आणि त्या ज्या भोकांत बसतात ती भोकेही आतून गंजरहित करून घ्या. ग्रीस ब्रेकच्या पिनांसाठी बनवलेलेच, म्हणजे सिलिकॉनचे किंवा तशाच प्रकारचे वापरावे. चाकाच्या बेअरिंगचे साधे ग्रीस लावले, तर त्यातल्या खनिज तेलाने रबर फुगते आणि पिना पुन्हा अडकतात. पॅड दोन्ही पुढच्या चाकांचे एकदमच बदलावेत, नाहीतर दोन बाजूंची पकड वेगळी राहून ब्रेकवरची ओढ कायम राहील.

डिस्कवर निळसर डाग किंवा बारीक तडे आहेत का, हे नीट पाहून घ्या. हे चाक बरेच दिवस तापत होते, त्यामुळे ब्रेक ऑइलही बदला. ते हवेतला ओलावा शोषते आणि ओलावा शोषलेले ऑइल कमी तापमानाला उकळते. सस्पेन्शनचा कुठलाही भाग उघडलेला नसल्याने अलाइनमेंट पुन्हा करण्याची गरज नाही.

काम झाल्यावर गाडी जागेवरून हलवण्याआधी ब्रेकचे पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा, कारण पिस्टन मागे ढकललेला असताना पहिल्या काही दाबांना ब्रेक लागतच नाही.